ढमीचा ताप

३ फेब्रुवारी, सोमवार

कोटाची बटणं लागत नाहीत. आजचा पहिला धक्का हा, आणि तोही घरातून निघायच्या आधीच. नवरा म्हणाला, "उघडा ठेव की, रुबाबदार दिसतोय." त्याचं चष्म्याचं दुकान आहे. समोरच्याला काहीही शोभून दिसतं असं सांगायची त्याला सवयच लागली आहे. सासूबाईंनी ढमीला कडेवर घेतलं आणि मला बजावलं, "मागे वळून बघू नकोस, नाहीतर दोघी रडाल." मी वळून बघितलंच. ढमी सासूबाईंचा कान ओढण्यात दंग होती. आपली पोर आपल्यावाचून इतकी मजेत राहते, हा दुसरा धक्का.

ऑफिसात माझ्या टेबलावर प्रिंटर आणि खुर्चीवर फायली. बाळंतपणाच्या रजेवर गेलेलं माणूस आणि देवाघरी गेलेलं माणूस यांत ऑफिसं फारसा फरक करत नाहीत, जागा लगेच वाटून घेतात. मी तशीच उभी राहिले तेव्हा मॅडमनी आत बोलावलं. वकील झाल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली आहे. कोर्टात उभं कसं राहायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणाल्या, "फायलींच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली आहे. दूध काढायला तिथे बसत जा. माझ्या वेळी मी कोर्टाच्या मोरीत भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे." मला भरून आलं. कडीचा विचार करणारी सीनिअर या अख्ख्या शहरात दुसरी सापडायची नाही.

मी निघाले तेव्हा पुन्हा हाक मारली. "उन्हाळ्यात दारावरची पाटी रंगवून घ्यायची आहे. खाली तुझं नाव घालू म्हणते." त्या दारावर आजवर एकच नाव आहे. बसमध्ये मी ते दुसरं नाव मनातल्या मनात कितीदा तरी लिहून पाहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमबरोबर कोर्टात गेले. धुलाई कारखान्याचा दावा. मी त्याला माझा दावा म्हणते, कारण वकीलपत्रावर मॅडमच्या खाली माझं नाव आहे, लेखी उत्तर मी लिहिलंय आणि समोरच्यांच्या इंजिनिअरची उलटतपासणी मी ढमी पोटात असताना घेतली आहे. आमचा अशील कारखान्याचा मालक. समोर एक मावशी. ती तिथे इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर होती. यंत्राची वरची फळी उजव्या हातावर आली, तेव्हापासून तिची बोटं मिटत नाहीत. ती म्हणते, पुढची जाळी मोडकी होती. आम्ही म्हणतो, तिने घाई केली. कुणाचं खरं ते न्यायाधीश साहेब ठरवतील, आपण आपली बाजू मांडायची. यात मला कधी लाज वाटलेली नाही. आता फक्त शेवटचा युक्तिवाद राहिलाय.

मावशीची वकील तरुण आहे, एकटीच काम करते, ना ऑफिस ना सीनिअर. आज तिला बघून मी चाटच पडले. पोट चांगलंच दिसतंय. तिच्याही कोटाची बटणं लागत नाहीत. आम्ही एकमेकींच्या कोटाकडे बघून हसलो.

परत येताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "कितवा असेल गं तिला? तू आत्ताच सगळं करून बसली आहेस, तुला कळत असेल." मी मोठ्या सुइणीच्या थाटात सांगितलं, "सातवा चालू असणार. पाठीवर हात ठेवून चालतेय बघा. एप्रिलअखेर होईल."

"हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या. हा शब्द त्या सहसा वापरत नाहीत. दिवस छान गेला.

२० फेब्रुवारी

काल धुलाईची तारीख होती, पण मॅडमनी मला सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला लवादाकडे पाठवलं. काम किरकोळ होतं. म्हणाल्या, "तिथलं आटोपलं की परस्पर घरी जा, लेकराजवळ." भर दुपारी मला दारात बघून सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं मला काढून टाकलं. धुलाईत पुढची तारीख पडली म्हणे. असं होतंच.

आज कोर्टाच्या जिन्यात न्यायाधीश साहेब समोरून आले. मी भिंतीला चिकटून वाट दिली, तर ते थांबले. "आता बरं आहे ना बाळ?" मी गारच पडले. कसंबसं म्हटलं, "हो साहेब, छान आहे."

"सांभाळा. कामं काय, होत राहतात," असं म्हणून वर गेले.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. एवढा मोठा माणूस, आणि माझ्या बाळाची चौकशी करतो. सासूबाई म्हणाल्या, "न्यायाधीशाला एवढी काळजी? तुझ्या सख्ख्या नणंदेने अजून फोन केलेला नाही." नवरा म्हणाला की कोर्टातली माणसं दिसतात तेवढी कोरडी नसतात. मलाही आज तसंच वाटतंय.

१४ मार्च, शुक्रवार

परवा धुलाईला पुन्हा तारीख पडली, मी पुन्हा लवादाकडे. मॅडम माझी फारच काळजी घेतात. मी म्हटलंसुद्धा, मला संध्याकाळच्या बैठकांना थांबायला आवडेल. तर म्हणाल्या, "थांबशील गं, घाई काय आहे. आयुष्य पडलंय."

आज दोन चमत्कारिक गोष्टी झाल्या. बँकेचे वकील मला अधूनमधून छोटी कामं द्यायचे. आज ते भेटले आणि म्हणाले, ती कामं दुसऱ्याकडे दिली. "तुम्हाला कशाला त्रास, घरी एवढं सगळं चालू असताना." घरी एवढं म्हणजे काय? ढमी दिवसातून तीनदा लंगोट भिजवते, ते? मी आभार मानून निघाले.

दुसरी गोष्ट बसस्टॉपवर. धुलाईची मावशी उभी होती, पिशवी डाव्या हातात. समोरच्या पक्षकाराशी बोलू नये असा नियम आहे, म्हणून मी दुसरीकडे बघायला लागले. तीच जवळ आली आणि हळूच म्हणाली, "उतरला का हो ताप?"

"कुणाचा?"

"बाळाचा."

मला काही कळेना. म्हातारी मला दुसरी कुणीतरी समजत असणार, काळ्या कोटात आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. तिला खोटं पाडायचं जिवावर आलं. म्हटलं, "उतरला." तिचा चेहरा असा खुलला की तिच्याच घरातला ताप उतरल्यासारखा.

२ एप्रिल, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं काही झालं नाही.

आज धुलाईची तारीख आणि मी नेहमीप्रमाणे लवादात. तिथली वीज गेली, सगळ्यांना घरी सोडलं. मला वाटलं, चला, मॅडमना फायली शोधून द्यायला मदत होईल. धावत कोर्टात आले आणि मागच्या बाकावर टेकले, एका जाडजूड वकिलांच्या पाठीमागे. तेवढ्यात धुलाईचा पुकारा झाला.

मॅडम उठल्या. त्यांचा तो मऊ, खालच्या पट्टीतला आवाज. "साहेब, हा दावा माझी ज्युनिअर बघते. तिचं बाळ कालपासून दवाखान्यात आहे. ताप पुन्हा उलटलाय. अशा वेळी आईला मी कोणत्या तोंडाने बोलावू?"

माझ्या काळजात चर्र झालं. आधी मला खरंच वाटलं की ढमीला काहीतरी झालंय आणि घरून फोन मॅडमना आलाय. मी अर्धी उठले. मग तो 'पुन्हा' डोक्यात शिरला. पुन्हा म्हणजे आधीही आला होता. जिन्यातले साहेब, बसस्टॉपवरची मावशी, बँकेचे वकील, सगळे एकदम डोळ्यांसमोर उभे राहिले. ढमी त्या वेळी घरी मऊ भात खात होती, थाळी उलटी करत होती. तिला जन्मल्यापासून साधी शिंकसुद्धा आलेली नाही.

साहेब म्हणाले, "समोरच्यांची हरकत?" ती तरुण वकील उठली. आता तिला उठायला टेबलाचा आधार लागतो. "अशिलाची हरकत नाही, साहेब. बाळाचा प्रश्न आहे."

"ठीक. पण ही शेवटची तारीख. पुढच्या वेळी बाळ, सासू, पाहुणा, मी कुणाचंही काही ऐकणार नाही. दोन्हीकडचं नाही."

"एकोणतीस एप्रिल द्यावी, साहेब," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी आम्ही नक्की तयार असू." त्या मुलीने पोटावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि मिटलं. तारीख लिहिली गेली.

आणि मी काय केलं? मी त्या जाड वकिलांच्या पाठीआड आणखी खाली सरकले आणि फाईल तोंडासमोर धरली. माझी सीनिअर खोटं बोलली आणि मी लपले, ती उघडी पडू नये म्हणून.

बाहेर व्हरांड्यात मावशीने मला गाठलंच. "अहो, तुम्ही इथे? मग दवाखान्यात बाळापाशी कोण आहे?"

"आजी आहे," मी म्हणाले. शब्द आपोआप आले. इतकं सहज मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"मग लवकर जा. आमची लेक म्हणते, हरकत घे, दर वेळी काय यांचं बाळ. मी म्हटलं, पैसा आज मिळेल नाहीतर उद्या. लेकरू आधी." तिने त्या न मिटणाऱ्या हाताने माझ्या दंडाला हात लावला. तिचा तळवा गुळगुळीत आहे, रेषा नसलेला. मला तो अजून दंडावर जाणवतोय.

३ एप्रिल

रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं. मॅडमसमोर त्यातलं एकच वाक्य आलं, "तुम्ही माझ्या मुलीला दवाखान्यात घातलंत."

त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "काल मागे तूच होतीस का? मला वाटलंच." चष्मा काढून पुसला. माझ्याच नवऱ्याच्या दुकानातला चष्मा. "बस. मालकाला वेळ हवा आहे. मालक आजारी म्हटलं तर दाखला मागतात. मालक गावाला गेला म्हटलं तर हसतात. बाळ म्हटलं की आजकाल सगळे माना डोलावतात. मग बाळच सांगणार ना?"

मी म्हटलं, खोटं आहे ते. त्या एकदम उठल्या. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता, आजही चढला नाही, पण त्यांचा हात टेबलाच्या कडेवर पांढरा पडला होता.

"थोरल्याच्या वेळी मी बाळंतीण होते, ओली. तारीख मागितली. तेव्हाचे न्यायाधीश म्हणाले, बाई, हे कोर्ट आहे, पाळणाघर नाही. सगळा हॉल हसला. मी उभी राहिले, बोलले, कोट दुधाने भिजला, दावा हरले. अशील गेला, त्याच्या ओळखीचे चार अशील गेले. त्यानंतर मला मुलं आहेत हे मी या इमारतीत कुणाला कळू दिलं नाही. धाकटीच्या वेळी सैल कोट शिवून घेतला. ज्या गोष्टीने माझं वाटोळं केलं, तिचा आता थोडा उपयोग होत असेल तर होऊ दे. तुझं काय गेलं त्यात?"

माझं काय गेलं? वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठी. त्या भिजलेल्या कोटासाठी. मी रडले, तर त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "एकोणतीसचा युक्तिवाद तू कर. मी बाजूला बसेन. आणि तीस तारखेला पाटीवाल्याला बोलावलंय."

माझा पहिला शेवटचा युक्तिवाद. मी डोळे पुसले. खरं लिहायचं तर जिना उतरताना मी खूश होते. याच गोष्टीचा आता सगळ्यात जास्त धक्का बसतोय.

१६ एप्रिल, बुधवार

युक्तिवाद जवळजवळ तयार आहे. चांगला झालाय. सासूबाईंना बसवून ऐकवला, तर म्हणाल्या, "त्या बाईचाच हात गेला आणि चूकही तिचीच होय?" पण मुद्दे पटले म्हणाल्या.

दुपारी कोर्टातल्या बायकांच्या खोलीत दूध काढत बसले होते. मावशीची वकील आली आणि बाकावर आडवीच झाली. पाय सुजून टम्म. म्हणाली, "हसू नका, बुटांच्या नाड्या नवरा बांधतो." मग विचारलं, "बाळ कसं आहे तुमचं? फारच काढलंत हो तुम्ही."

मी पंपाकडे बघत राहिले.

"मला डॉक्टरांनी अठ्ठावीस तारीख दिली आहे," ती म्हणाली. "आणि आपली एकोणतीस. त्या दिवशीच बोलणार होते, पण साहेबांचा सूर बघून जीभच उचलली नाही. या वेळी आम्हाला तारीख लागेल. दुसऱ्या वकिलाकडे देऊन बघितलं, एवढ्या कागदांना कुणी हात लावायला तयार नाही. तुमच्या मॅडम हरकत नाही ना घेणार? त्याही बाईच आहेत."

"छे, नाही घेणार," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मला अजूनही काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं. त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "घेणार तर. तूच घ्यायची आहेस. उभं राहून सांगायचं, आम्ही तयार आहोत, आमच्यासाठी ही शेवटची संधी होती तशी त्यांच्यासाठीही. साहेब आता बाळाचं नाव काढलं तरी भडकतील. ती नसेल तर म्हातारी एकटी उभी राहील. काय बोलणार आहे?"

मी म्हटलं, "पण ही तारीख तर तुम्हीच मागितली होती."

"मग? एप्रिलअखेर म्हणून तूच नाही का सांगितलंस?"

खोली फिरली. मला गाडीतली ती संध्याकाळ आठवली. हुशार आहेस. म्हणजे ढमीचा ताप नुसता वेळ काढायला नव्हता. तिचा ताप त्या पोरीचे दिवस भरेपर्यंत पुरवून पुरवून वापरला, आणि कधीपर्यंत पुरवायचा ते त्यांना मी सांगितलं. मी, मोठ्या सुइणीच्या थाटात. मी फायलींच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. त्यांनीच माझ्यासाठी बसवलेली कडी.

२४ एप्रिल

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ एकच भिंग पुसत बसला. मग म्हणाला, "गप्प बसलीस तर पाटी. बोललीस तर?"

"बोलले तर काहीच नाही. कोण घेईल मला? स्वतःच्या सीनिअरला भर कोर्टात उघडं पाडणारी, वर लेकुरवाळी."

"आणि त्या कारखानदाराचं काय? तो तुझाच अशील आहे ना?"

हा माणूस नको तिथे नेमका प्रश्न विचारतो. तो माझा अशील आहे. त्याच्या बाजूने मी जीव तोडून बोलेन, आजही बोलेन. पण साहेबांशी खोटं बोलणं हे त्याच्या बाजूने बोलणं आहे का? मला खात्री नाही. नक्की कशाची चीड आली आहे हेही कळत नाही. त्या मुलीसाठी, मावशीसाठी, की माझं लेकरू मला न विचारता वापरलं म्हणून? कदाचित सगळ्यात जास्त हेच शेवटचं असेल. तसं असेल तर मी काही फार थोर नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आजारी नसलेल्या पोराला आजारी म्हणू नये गं. वास्तू तथास्तु म्हणते." मी त्यांना म्हटलं, असं काही नसतं.

२९ एप्रिल, सकाळी

ढमीचं अंग तापलंय.

मी आधी हसले. मग थर्मामीटर दोनदा लावला. खरा ताप आहे. डोळे लालसर, आणि ती काही ओढत नाहीये, नुसती मान टाकून पडली आहे. सासूबाई म्हणाल्या, "आज नको जाऊस." आजच्या दिवशी मी कुणाला काय सांगणार? की माझं बाळ आजारी आहे? या शहरात ते एक कारण माझ्यापुरतं संपलंय. नवऱ्याने दुकान बंद ठेवलंय, तो तिला घेऊन बसलाय. मी दुपारपर्यंत येते म्हणाले. वळून बघितलं नाही.

२९ एप्रिल, संध्याकाळी

पुकारा झाला तेव्हा पलीकडे मावशी एकटीच उभी होती. वकीलबाईंना पहाटे दवाखान्यात नेलं, कळा सुरू झाल्या, असं तिने सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "मागच्या वेळी मी काय म्हटलं होतं?"

"ठाऊक आहे साहेब. पण बाळ काय कोर्टाला विचारून येतं?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "दुसरे वकील आणा. जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकतो. समोरचे तयार आहेत?"

मॅडमनी माझी फाईल माझ्याकडे सरकवली. मी उठले. सगळा युक्तिवाद मला तोंडपाठ होता. मावशीने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीचं माणूस हलवतं तशी. ती काही मागत नव्हती. आपलं दोघींचं आधीच ठरलंय, अशी ती मान होती.

"आमची हरकत नाही, साहेब. त्यांना तारीख द्यावी," मी म्हणाले. मॅडमनी माझ्या कोटाचं टोक धरून खाली ओढलं.

"तुमची नसेल, माझी आहे," साहेब म्हणाले. "तुमच्याच बाळासाठी मी तारखांवर तारखा दिल्या. आता यांचं. मी कोर्ट चालवतोय की पाळणाघर?"

हॉल हसला. मॅडमनी माझा कोट सोडला. मी खाली बघितलं, तर त्या समोर बघत होत्या, आणि त्यांचा हात मांडीवर तसाच उघडा पडला होता.

"साहेब, त्या तारखा माझ्या बाळाने मागितल्या नव्हत्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसरीकडून आल्यासारखा वाटला. "ती कधी आजारी नव्हती. दवाखान्यात नव्हती. मागच्या वेळी तसं सांगितलं तेव्हा मी इथेच मागच्या बाकावर होते आणि गप्प बसले. म्हणून त्या तारखांची शिक्षा या बाळाला होऊ नये."

आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. जिन्यात बाळाची चौकशी करणारा तो चेहरा आता ओळखू येईना. त्यांनी विचारलं, "आणि आज?"

"आज खरंच ताप आहे, साहेब. पण मी तारीख मागत नाहीये."

त्यांनी मावशीला जुलैची तारीख दिली. आम्हा दोघींना लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि पुढचा पुकारा झाला. एवढंच. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. पुढचा दावा कुंपणाच्या भिंतीचा होता.

व्हरांड्यात मॅडम माझ्या पुढे चालत होत्या. एकदम थांबल्या. मी तयारीत होते, वाटेल ते ऐकायच्या. त्यांनी विचारलं, "ताप खरंच आहे?"

"हो."

"मग इथे काय करतेयस? घरी जा." दोन पावलं गेल्या आणि न वळता म्हणाल्या, "पाटीवाल्याला मी नको म्हणून कळवते." त्यांचा चष्मा धुरकटला होता. कशाने, ते मला कळलं नाही.

मावशीला वाटेत सांगायचं होतं की आजी आहे म्हणाले ते खोटं होतं. धीर झाला नाही. पण ती तिथेच होती, सगळं तिने ऐकलंच होतं. मी जवळून गेले तेव्हा तिने तोंड फिरवलं. मग मागून आवाज आला, "अंगाला गार पाण्याची पट्टी लावा." वळून बघितलं तर अजून भिंतीकडेच बघत होती.

घरून ढमीला उचललं आणि आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. ती माझ्या खांद्यावर तापलेल्या तव्यासारखी. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, छाती ऐकली. म्हणाले, साधा ताप आहे, उतरेल. मग कार्ड पुढे ओढून लिहायला लागले आणि वर न बघता विचारलं, "याआधी कधी आजारी पडली होती?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही. एकदाही नाही, डॉक्टर."

मी फार मोठ्याने बोलले असणार, कारण बाहेर बसलेली माणसं आत बघायला लागली. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि औषध कसं द्यायचं ते सांगायला लागले.